गंज, बुरशी आणि जुनी रायफल

भिलाईत लोखंडाची ओळख करून द्यावी लागत नाही. दल्ली-राजहराच्या खाणीतला लाल दगड भट्टीत जातो आणि रूळ होऊन बाहेर पडतो, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून जुन्या शिकारी रायफलीच्या नळीवरचा निळसर काळा रंग हा रंग नसून गंज आहे, हे भिलाईकराला चटकन पटतं. जुने कारागीर नळी घासून लख्ख करत, औषध लावून तिच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर येऊ देत आणि मग ती उकळत्या पाण्यात सोडत. लाल गंज काळा होई. वरची भुकटी ब्रशनं झाडायची, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. असं अनेकदा केल्यावर पोलादाला घट्ट धरून बसतो तो मॅग्नेटाइट. राजहराचा दगड हेमॅटाइट. दोघेही लोखंडाचे ऑक्साइडच. पण लाल गंज पोलाद खात जातो, आणि हा काळा थर तेल धरून ठेवतो, पोलाद सांभाळतो.

कित्येक दिवसांची ही मेहनत सँडपेपरनं एका दुपारी उतरते. जुनी वस्तू ‘नवीकोरी’ करण्याची हौस हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दस्त्याच्या अक्रोडी लाकडाचंही तेच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना 1907 मध्ये रिग्बी कंपनीची .275 बोअरची रायफल भेट मिळाली. तिच्या दस्त्यावर ती हकीकत सांगणारी चांदीची पट्टी आहे. तो दस्ता कुणी घासूनपुसून बदलला असता, तर ती रायफल ओळखायची कशी? लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन थेंब बोटानं चोळावेत, एवढं पुरे.

रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीचं दुखणं वेगळं. इथल्याच एका सेक्टरमधल्या क्वार्टरात, एका परिचितांच्या टेबलावर मी जुनी जर्मन दुर्बीण हातात घेतली. चारपट मोठं दाखवणारी, पोलादी नळीची, वर अंतराचे आकडे कोरलेली एकच चकती. डावं-उजवं जुळवायची सोय दुर्बिणीत नाहीच, ती खालच्या बैठकीत. डोळा लावला तर बारीक फुली नव्हती. तीन जाड खुंट्या होत्या, मधलीचं टोक म्हणजे नेम. संधिप्रकाशात बारीक तार दिसेनाशी होते, जाड खुंटी दिसत राहते, म्हणून ही रचना. मग मागून टॉर्च धरला. भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. बुरशी! आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याची पेटी ओल धरते आणि त्याच पेटीत दुर्बीण वर्षानुवर्षं बंद असते. बुरशीतलं आम्ल काचेवरही चरे पाडतं. काही दुर्बिणींत इंद्रधनुषी डाग दिसतो. तिथे दोन भिंगं चिकटवणारा कॅनडा बाल्सम सुटलेला असतो. ते काम भिंगाच्या जाणकाराचंच. घरी करायचं ते इतकंच: पेटी वेगळी, दुर्बीण सिलिका जेलसह हवाबंद डब्यात.

नळीवरचा आकडाही इतिहास सांगतो. .303 हे लष्करी बोअर, सामान्य माणसाला बंद. म्हणून इशापूरच्या कारखान्यानं ली-एनफील्डच्याच बांधणीवर .315 बोअरची शिकारी रायफल काढली. इंग्रजांनी हिंदुस्थानात .450 बोअरवर बंदी घातली, तेव्हा लंडनच्या कंपन्यांनी .465 आणि .470 काढली. लष्करी काडतुसं लोकांच्या हाती पडतील, या सरकारच्या धास्तीतून बोअरमधला हा फरक आला.

या रायफलींनी काय केलं, हेही लपवू नये. आपल्याच छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात 1947 मध्ये महाराजा रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. देशातल्या अखेरच्या चित्त्यांची ही नोंद. 1952 मध्ये चित्ता नामशेष जाहीर झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम बसला आणि पुढे ती बंदच झाली, ते योग्यच झालं. मारण्याचं काम संपलं म्हणूनच या रायफलींकडे आता कारागिरीचा नमुना म्हणून शांतपणे पाहता येतं.

कायदा मात्र कडक आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्तीही परवानाधारकाकडेच व्हायला हवी. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच बंदुका राहू शकतात. वारशानं आलेल्यांनाही तीच मर्यादा. घरात आजोबांची रायफल असेल, तर आधी परवान्याचं पाहा. मग काहीही पुसण्याआधी नळीवरचा क्रमांक, छाप आणि दस्त्यावरच्या खुणा यांचे फोटो काढून ठेवा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड यांच्या जुन्या वह्यांत त्या क्रमांकावरून पहिल्या मालकाचं नाव सापडू शकतं. सँडपेपर तेवढा दूर ठेवा.