नासाऊ गोब्रा मासेमारीचे व्यवस्थापन

नासाऊ गोब्रा (शास्त्रीय नाव: एपिनेफेलस स्ट्रायटस) हा कॅरिबियन समुद्रातील प्रवाळखडकांत राहणारा, खाद्यमासा म्हणून मोठी मागणी असलेला मासा आहे. कोकणात गोब्रा किंवा हेकरू या नावाने ओळखले जाणारे मासे याच कुळातील होत. अतिमासेमारीमुळे हा मासा अतिसंकटग्रस्त गणला जातो. केमन बेटांवर योजलेले उपाय त्याच्या संवर्धनाचे महत्त्वाचे उदाहरण मानले जातात.

जीवनक्रम

हा मासा एरवी एकटा राहतो. त्याची वाढ सावकाश होते आणि प्रजननक्षम होण्यास त्याला काही वर्षे लागतात. हिवाळ्यात पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरचे मासे ठरावीक जागी हजारोंच्या संख्येने जमतात आणि सायंकाळी अंडी सोडतात. ही जागा दरवर्षी बहुधा तीच असते.

ऱ्हासाची कारणे

या मेळ्याची जागा व वेळ मच्छीमारांना ठाऊक असल्याने थोड्या श्रमात मोठी पकड मिळते. संपूर्ण परिसरातील प्रौढ मासे एकाच ठिकाणी आलेले असल्यामुळे एकूण साठा घटत असतानाही पकड भरघोसच दिसते. त्यामुळे केवळ पकडीवरून साठ्याचा अंदाज बांधणे फसवे ठरते. धोका ध्यानात येईपर्यंत मेळाच नाहीसा झालेला असतो. कॅरिबियनमधील अनेक मेळे अशा प्रकारे संपले.

केमन बेटांवरील उपाययोजना

२००१ साली लिटल केमन बेटाच्या पश्चिम टोकाजवळ सुमारे ७,००० माशांचा मेळा मच्छीमारांना आढळला. पुढील दोन हंगामांत त्यांतील सुमारे ४,००० मासे पकडले गेले. २००३ साली शासनाने मेळ्यांच्या जागी मासेमारीस आठ वर्षांची बंदी घातली व पुढे तिची मुदत वाढवली. २०१६ साली पुढील नियम लागू झाले:

• १ डिसेंबर ते ३० एप्रिल या काळात पकडण्यास बंदी
• उर्वरित काळात केवळ १६ ते २४ इंच लांबीचे मासे पकडण्यास मुभा
• प्रत्येक नौकेस दिवसाला जास्तीत जास्त पाच मासे
• भाल्याने मारण्यास मनाई

आकाराच्या दोन्ही मर्यादांना अर्थ आहे. खालच्या मर्यादेमुळे लहान माशांना वाढण्यास अवधी मिळतो. वरच्या मर्यादेमुळे मोठ्या माद्या वाचतात. मादी जितकी मोठी, तितकी तिची अंडी अधिक.

परिणाम

पाणबुडे काही माशांना खूणचिठ्ठ्या लावून व चित्रीकरण करून दरवर्षी साठ्याचा अंदाज घेतात. बंदीनंतरची पहिली काही वर्षे संख्येत विशेष वाढ दिसली नाही. त्यानंतर नव्या पिढीची भर पडली आणि लिटल केमनवरील प्रौढ माशांची संख्या तिपटीहून अधिक झाल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. सावकाश वाढणाऱ्या माशाच्या बाबतीत बंदीचे फळ दिसण्यास दशकाएवढा काळ लागू शकतो. त्यामुळे आरंभीची वर्षे निष्फळ भासली, तरी बंदी न उठवणे हा अशा व्यवस्थापनाचा गाभा ठरतो.