हलक्या विमानांचे पंख : कापड, लाकूड आणि सरस

धामणकर नाक्यापासून कोणत्याही दिशेस गेले तरी भिवंडीत यंत्रमागांचा आवाज कानी पडतो. तेथे कापडाची प्रत सांगताना इंचामागे ताण्याचे व बाण्याचे धागे किती, हे प्रथम पाहिले जाते. जुन्या हलक्या विमानांच्या पंखांवरील कापडाची प्रतही याच मापाने ठरत असे. अमेरिकी मानकातील 'ए' प्रतीच्या सुती कापडात दोन्ही दिशांना इंचामागे किमान 80 धागे असावेत आणि एक इंच रुंदीच्या पट्टीने किमान 80 पौंड ताण सोसावा, अशी अट होती. ब्रिटनमध्ये या कामी जवसाच्या धाग्याचे लिनन प्रचारात होते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले, ते 'पस मॉथ' विमानातून. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, परंतु पंख लाकडाचे व कापडाने मढविलेले होते. अशा पंखात हवेचा भार प्रथम कापडावर येतो. कापडाकडून तो शिवणीवाटे फासळ्यांकडे आणि फासळ्यांकडून पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या दोन मुख्य तुळयांकडे पोहोचतो. 'टायगर मॉथ'च्या 239 चौरस फूट पंखांवर सुमारे 1,800 पौंड वजन तोलले जाते. म्हणजे चौरस फुटास अवघे साडेसात पौंड. कापडास हा भार जड नाही. मात्र पंखाचा आकार टिकण्यासाठी ते ताठ राहिले पाहिजे. ते काम 'डोप' या सेल्युलोजयुक्त लेपाचे होय. हा लेप वाळताना आकसतो, कापड ताणतो व त्याची छिद्रे बुजवितो. त्यावरील ॲल्युमिनियमच्या भुकटीचा थर उन्हातील अतिनील किरण अडवितो. कापडाची ताकद मूळ किमान मर्यादेच्या 70 टक्क्यांखाली, म्हणजे 56 पौंडांखाली गेली, की ते बदलावे लागते. ही परीक्षा बाहेरून करता येते.

लाकडाच्या सांध्यांची गोष्ट वेगळी आहे. स्प्रूसचे लाकूड वजनाच्या मानाने बळकट असले, तरी दमटपणाने फुगते व कोरडेपणाने आकसते. त्या प्रत्येक हालचालीचा ताण सांध्यावर पडतो. पूर्वी सांधे दुधातील केसीनपासून केलेल्या सरसाने जोडीत. सतत ओल लागल्यास त्यावर बुरशी धरते व तो दुर्बल होतो. 1937 च्या सुमारास नॉर्मन डी ब्रुइन यांनी युरिया-फॉर्मल्डिहाइडचा 'एरोलाइट' सरस सिद्ध केला. तो ओलीस अधिक टिकाऊ ठरला. 1944 मध्ये भारतातील लाकडी 'मॉस्किटो' लढाऊ विमानांचे पंख निकामी होऊ लागले, तेव्हा संशय प्रथम सरसावर गेला. पुढील चौकशीत सांध्यांच्या सदोष जोडणीवरही बोट ठेवले गेले. सरस उत्तम असला, तरी दोन पृष्ठभाग नीट न जुळल्यास सांधा टिकत नाही.

पुढे धातूचे युग आले. कोल्हापूर भागातील डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेले व 1951 मध्ये उडालेले 'एचटी-2' हे संपूर्ण धातूचे शिकाऊ विमान होते. कापडी पंखांवरही आता सुताऐवजी उष्णतेने आकसणारे पॉलिएस्टर चढविले जाते. तथापि धातूसही समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गंज चढतो, आणि तो बहुधा रिव्हेटांच्या आडोशाला. म्हणून जुन्या पंखाचे मूल्यमापन करताना कोणते द्रव्य अधिक बळकट, एवढेच विचारून भागत नाही. त्यातील कोणता भाग नजरेआड राहतो व तो तपासण्याचा मार्ग कोणता, हे प्रथम विचारावे लागते.