‘श्वापदाची खूण’ : भविष्यसूचक चिन्हांच्या अर्थनिर्णयाची पद्धती (जुन्नर-आंबेगाव परिसरातील चिन्हांच्या संदर्भात)

प्रस्तावना

कोणत्याही चिन्हाचा अर्थ ते योजणाऱ्या समाजाच्या संकेतव्यवस्थेवर अवलंबून असतो. ती व्यवस्था विस्मृतीत गेली की चिन्ह उरते आणि त्याला वाटेल तो अर्थ चिकटविता येतो. बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील श्वापदाची खूण व तिची ६६६ ही संख्या हे याचे ठळक उदाहरण होय. या चिन्हाच्या अर्थनिर्णयाची पद्धती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परिसरातील चिन्हे

जुन्नरजवळील नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाईंच्या व नाण्यांच्या संख्या अंकचिन्हांत कोरलेल्या आहेत. तेथे शून्य व स्थानमूल्य नाही. शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे असून हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार होतात. हा संकेत ज्ञात झाल्यावरच त्या संख्या वाचता आल्या. जुन्या मराठी-संस्कृत ग्रंथांतील शब्दांकांचेही असेच आहे. कालोल्लेखात चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २ आणि वेद म्हणजे ४. तेथे ‘वेद’ या शब्दाचा धर्मग्रंथ असा अर्थ घेणारा वाचक शकवर्षाला मुकतो.

आंबेगाव-खेडच्या डोंगरमाथ्यावरील भीमाशंकर येथे क्रूसाची आकृती असलेली पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ मधील वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी ती अर्पण केल्याचे सांगितले जाते. एके काळी ख्रिस्ती उपासनेचे असलेले हे चिन्ह शिवक्षेत्रात विजयाची आठवण ठरले. आकृती तीच राहिली, पण संदर्भ पालटल्याने तिचा अर्थही पालटला.

६६६ चा उलगडा

हिब्रू व ग्रीक लेखनात अक्षरेच अंकांचे काम करीत. त्यामुळे प्रत्येक नावाची बेरीज मांडता येई. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिल्यास ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २०० यांची बेरीज ६६६ होते. लॅटिन उच्चारानुसार ‘नेरो’ लिहून अखेरचा ‘न’ गाळल्यास ५० कमी होऊन ६१६ उरतात. १९९९ मध्ये प्रकाशित झालेल्या, ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यावर ६१६ हीच संख्या आहे. हा पाठभेद दुसऱ्या शतकातील इरेनियस यांना ठाऊक होता. मात्र त्यांनी तो अग्राह्य ठरविला होता. दोन्ही पाठांचा मेळ बसत असल्याने अनेक अभ्यासक येथे ख्रिस्ती जनांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राट नीरोचा संकेत मानतात. काही परंपरा हे भाकीत भावी काळाविषयीचे मानतात, तर काही ते सर्वकालीन दमनसत्तेचे रूपक समजतात.

‘खूण’ या अर्थी आलेला ग्रीक शब्द शिक्का, छाप यांसाठीही वापरला जाई. उजवा हात व कपाळ ही तिची स्थाने कृती आणि निष्ठा यांची निदर्शक मानली जातात. त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात देवाच्या सेवकांच्या कपाळावरही मुद्रा केली जाते. म्हणजे दोन शिक्के समोरासमोर ठेवून ‘मनुष्य कोणाचा?’ हा प्रश्न ग्रंथकार विचारतो. वारकऱ्याच्या कपाळावरील गंध-बुक्का पाहणाऱ्या मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटू नये.

वर्तमान संदर्भ

हा विषय केवळ पांडित्याचा नाही. २०१८ मध्ये आधार प्रकरणी सर्वोच्च न्यायालयात मुंबईतील एका ख्रिस्ती पालकाच्या वतीने, हा क्रमांक श्वापदाच्या खुणेसारखा असल्याने सदसद्विवेकाला मान्य नाही, असा आक्षेप मांडला गेला होता. अशा आक्षेपाची टवाळी करणे सोपे असते. परंतु त्यामागे शिक्षण, सवलती आणि श्रद्धा यांपैकी एकाची निवड करण्याची वेदना असते. येथे अध्यापकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. क्रमांकाची सक्ती न्याय्य आहे काय, हा नागरी हक्कांचा प्रश्न. ग्रंथातील खूण म्हणजे तो क्रमांक काय, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर लादता येत नाही.

निष्कर्ष

चिन्ह कोणत्या लेखनपद्धतीतील आहे, प्रथम वाचकांना त्यातून काय कळले असते आणि त्याच ग्रंथात त्याच्या जोडीला कोणते चिन्ह आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. नाणेघाटातील अंकांना जी शिस्त लागू केली जाते, तीच ६६६ लाही लागू करावी. त्यामुळे श्रद्धेला बाध येत नाही. अकारण भय मात्र निश्चितच कमी होते.