विश्लेषण : अ‍ॅनल प्लग निवडताना मऊपणाइतकाच पायाही महत्त्वाचा का?

ऑनलाइन खरेदीमुळे लैंगिक वापराच्या वस्तू आता छोट्या शहरांतही बंद खोक्यातून घरपोच मिळू लागल्या आहेत. मऊ सिलिकॉनचे अ‍ॅनल प्लग ही त्यांपैकीच एक वस्तू. ती घेणाऱ्यांत स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित, समलिंगी-भिन्नलिंगी असे सगळेच असतात. अडचण अशी, की मोबाइल घेताना दहा जणांना विचारणारा ग्राहक इथे कुणालाच विचारत नाही. चुकीची वस्तू घेतली जाते, चुकीच्या पद्धतीने वापरली जाते आणि काही बिघडले तरी संकोचापोटी दवाखाना टाळला जातो. हे टाळण्यासाठी काय माहीत असायला हवे?

शरीररचना काय सांगते?

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वर्तुळे असतात. बाहेरचे वर्तुळ आपल्या ताब्यात असते, आतले नसते. आतला स्नायू हुकमाने सैल पडत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली, की तो अधिकच आवळतो आणि दुखू लागते. गुदमार्गाची लांबी साधारण ३ ते ४ सेंटीमीटर, त्यापुढे गुदाशय सुरू होतो. या भागात योनीप्रमाणे नैसर्गिक ओलावा तयार होत नाही. आतले अस्तर नाजूक असते, त्यामुळे कोरड्या घर्षणाने त्याला बारीक चिरा पडू शकतात.

सिलिकॉनच का?

सिलिकॉनला सूक्ष्म छिद्रे नसतात, त्यामुळे ते नीट स्वच्छ होते. ते उष्णता सहन करते आणि सहसा त्वचेला त्रास देत नाही. मेन्स्ट्रुअल कप किंवा बाळाच्या बाटलीचे बूच याच पदार्थाचे असते. याउलट 'जेली' किंवा 'रबर' या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त वस्तू अनेकदा मऊ केलेल्या पीव्हीसीच्या असतात. हा मऊपणा आणण्यासाठी थॅलेट गटातली रसायने वापरली जाऊ शकतात. शिवाय असे पदार्थ सच्छिद्र असतात, म्हणून धुतल्यावरही त्यांत जंतू राहू शकतात. उग्र वास आणि हाताला लागणारा चिकटपणा ही धोक्याची खूण समजावी. वर्णनात 'सिलिकॉनसारखे' नव्हे, तर '१०० टक्के सिलिकॉन' असे स्पष्ट लिहिलेले असावे.

मऊपणा कसा ओळखायचा?

रबरासारख्या पदार्थांचा कडकपणा 'शोअर' या मापात मोजतात. आकडा जितका कमी, तितका पदार्थ मऊ. काही उत्पादक हा आकडा देतात. तो नसेल तर बोटांनी दाबून पाहावे. मऊ प्लग स्नायूंवर कमी दाब देतो आणि शरीराच्या वळणाप्रमाणे वाकतो. मात्र तो सगळीकडे सारखाच मऊ असेल, तर पायाही दुमडतो आणि दुमडलेला पाया आत सरकू शकतो. म्हणून वरचा भाग मऊ आणि पाया त्यामानाने ताठ, अशी रचना चांगली.

पाया इतका महत्त्वाचा का?

योनीमार्ग आतल्या टोकाला गर्भाशयमुखाशी संपतो. गुदाशय तसा संपत नाही, तो पुढे मोठ्या आतड्याला जोडलेला असतो. स्नायू आवळले, की निसटलेली वस्तू आत ओढली जाते. पाया प्लगच्या सर्वांत जाड भागापेक्षा स्पष्टपणे रुंद असेल, तर हे टळते. पाया नसलेली कोणतीही वस्तू, मग ती भाजी असो, बाटली असो वा पेन, वापरू नये.

आकार कोणता निवडावा?

पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी सर्वांत जाड भागाचा व्यास २.५ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी असलेला प्लग घ्यावा. माप वाचताना व्यास आणि घेर यांत गल्लत करू नये. २.५ आणि ३.५ सेंटीमीटर व्यासांतला फरक एका सेंटीमीटरचा वाटतो, पण घेर ७.९ वरून ११ सेंटीमीटरवर जातो. शरीराला जाणवतो तो हा घेर. पायाच्या वरची 'मान' बारीक असावी, कारण प्लग आत गेल्यावर स्नायू तिच्यावरच विसावतात. निमुळते टोक आणि गुळगुळीत कडा हव्यात. साच्याच्या जोडाची रेघ बोटाला टोचत असेल, तर ती वस्तू परत करावी.

आरामात वापर कसा करावा?

शौचाला जाऊन आल्यावर बाहेरचा भाग कोमट पाण्याने धुतला तरी पुरते, एनिमाची सक्ती नाही. नखे कापलेली असावीत. पाण्यावर आधारित लुब्रिकेंट जेल प्लगला आणि गुदद्वाराला भरपूर लावावे आणि सुकू लागताच पुन्हा लावावे. सिलिकॉनयुक्त जेलने सिलिकॉनची वस्तू फुगू किंवा चिकट होऊ शकते, तर तेलाने लॅटेक्स कंडोम कमकुवत होतो. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यावेत. आधी बोटाने सवय करावी, मग श्वास सोडताना, शौचाच्या वेळी देतो तसा हलका जोर देत प्लग हळूहळू आत घ्यावा. काढतानाही हीच सावकाशी हवी. सुरुवातीला १०-१५ मिनिटे पुरेत. प्लग ठेवून झोपू नये.

भरल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे, दुखणे नाही. दुखले की थांबायचे. बधिर करणारे मलम लावणे किंवा दारू पिऊन वापरणे धोक्याचे, कारण वेदनेचा इशाराच त्यामुळे कळत नाही. जोडीदारासोबत असताना तर 'थांब' हा शब्द अंतिम मानलाच पाहिजे. मूळव्याध, फिशर, भगंदर किंवा आतड्याची सूज असेल, नुकतीच त्या भागाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

स्वच्छतेचे काय?

वापरानंतर साबण-पाण्याने धुवावे. बॅटरी किंवा मोटर नसलेला शुद्ध सिलिकॉनचा प्लग काही मिनिटे पाण्यात उकळताही येतो. गुदद्वारात वापरलेली वस्तू न धुता योनीजवळ नेऊ नये, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. दोघांनी एकच प्लग वापरायचा असेल, तर प्रत्येक वेळी नवा कंडोम चढवावा.

नियम काय आहेत?

अशा वस्तूंच्या रचनेसाठी आणि सुरक्षिततेसाठी 'आयएसओ ३५३३' हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये आले. भारतात अश्लील वस्तूंच्या विक्रीवर कायद्याने बंदी आहे, पण अश्लील कशाला म्हणायचे यावर वाद होतात. सीमाशुल्क विभागाने अडवलेल्या बॉडी मसाजरच्या प्रकरणात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विभागाचे अपील फेटाळले. या संदिग्धतेत अनेक वस्तू 'मसाजर' किंवा 'नॉव्हेल्टी' म्हणून विकल्या जातात. खोक्यावर साहित्य आणि उत्पादकाचे नाव नसेल, तर ती वस्तू घेऊ नये.

काही बिघडले तर?

प्लग आत अडकला, तर चिमटा किंवा इतर वस्तू घालून तो ओढू नये, जुलाबाचे औषधही घेऊ नये. थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. न थांबणारा रक्तस्राव, पोटात तीव्र वेदना किंवा ताप असेल, तर एक तासही वाट पाहू नये, आतड्याला इजा झालेली असू शकते. काय वापरले आणि किती वेळ झाला हे स्पष्ट सांगावे. मऊ सिलिकॉन साध्या एक्स-रेमध्ये नीट दिसेलच असे नाही, त्यामुळे रुग्णाने दिलेल्या माहितीवर पुढचे बरेच अवलंबून असते. डॉक्टरांसाठी असे रुग्ण नवे नसतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. अडकलेली वस्तू बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना निघते. लाजेपोटी लावलेला उशीर मात्र जिवावर बेतू शकतो.