रजोनिवृत्ती आणि दडलेला मेद : प्रतिमाचित्रण काय सांगते?

वरकुटे, इंदापूर, बारामती या परिसरातील पंचेचाळीस-पन्नाशीच्या अनेक भगिनींची तक्रार असते, "खाणे तेच, काम तेच, काट्यावर वजनही फारसे वाढलेले नाही, मग पोट कसे सुटले?" ही तक्रार वयाचा परिणाम म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

पाळी थांबण्याच्या सुमारास शरीरातील इस्ट्रोजेन घटते. तोवर मुख्यत्वे मांड्या व नितंबांवर साठणारा मेद मग उदरपोकळीत, आतडी व यकृताभोवती साठू लागतो. हा आतला मेद मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांना निमंत्रण देतो. त्याच काळात स्नायू झिजतात. एकीकडे घट, दुसरीकडे भर; त्यामुळे वजनकाटा हा बदल दाखवीत नाही.

तो दिसतो प्रतिमाचित्रणात. 'डेक्सा' तपासणीत दोन निरनिराळ्या शक्तींचे अत्यल्प क्ष-किरण शरीरातून जातात. हाड, स्नायू व मेद ते कमी-अधिक प्रमाणात शोषून घेतात, त्यावरून प्रत्येकाचे प्रमाण काढता येते. सी.टी. स्कॅनमध्ये पोटाच्या आडव्या छेदात त्वचेखालील मेद व आतला मेद वेगवेगळे मोजता येतात, परंतु किरणोत्सर्ग अधिक असतो. एम.आर.आय.मध्ये तो नसतो. खर्च मात्र मोठा असतो. अमेरिकेतील 'स्वान' या दीर्घकालीन अभ्यासाने २०१९ साली डेक्साच्या आधारे दाखवून दिले की, रजोनिवृत्तीच्या संक्रमणकाळात मेदवाढीचा वेग सुमारे दुप्पट होतो आणि शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षांपर्यंत ही वाढ चालू राहते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, मेद मात्र डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणारी भारतीय व्यक्तीही आतून मेदयुक्त असू शकते, हा त्याचा बोध. शेतात राबणारी किरकोळ अंगाची भगिनी "मला कसली साखर?" म्हणून तपासणी टाळते, तेव्हा धोका इथेच असतो. शस्त्रक्रियेने गर्भाशयासह दोन्ही बीजाशय काढले गेले असतील, तर रजोनिवृत्ती अकाली व एकाएकी येते. अशा भगिनींकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

मग प्रत्येकीचे स्कॅन करावे काय? आमचे प्रांजळ मत आहे, नाही. संशोधनाने जे दाखविले, त्याचा लाभ साध्या मोजपट्टीनेही घेता येतो. कमरेचा घेर ८० सेंटिमीटर वा अधिक असल्यास रक्तातील साखर, चरबी व रक्तदाब तपासावा. डेक्साचा मुख्य उपयोग हाडांच्या ठिसूळपणाचे निदान करण्यासाठी राखून ठेवावा. आहारात डाळी, कडधान्ये, दूध. रोज चालणे आणि स्नायूंना बळ देणारा व्यायाम, हेच खरे उपाय होत.

देणगीदारांचा रुपया जिथे अधिकाधिक भगिनींच्या उपयोगी पडेल, तिथेच तो खर्च व्हावा, अशी आमची भूमिका आहे. कुटुंबीयांना एकच विनंती : घरातील आईची, पत्नीची कंबर वर्षातून एकदा अवश्य मोजावी.