बिऱ्हाड हलवताना कुत्रा मागे ठेवू नका

रत्नागिरीभोवतीच्या वाड्यांतली कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी नाचणे, कुवारबाव, मारुती मंदिर परिसरातल्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड हलवतात, तेव्हा कुत्र्याचा विषय हमखास शेवटी निघतो. ‘त्याला अंगणाची सवय, चार भिंतींत कशाला कोंडायचं? शेजारी भात घालतील,’ असं म्हणून त्याला मागे ठेवलं जातं. यामागे माया असते, पण त्यात कुत्र्याचं हित नाही. कुलूपबंद घराच्या पडवीत एकटा पडलेला कुत्रा आयता बिबट्याच्या तोंडी जातो. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला, आणि बिबट्याचा वावर कोकणातल्या वाड्यांनाही नवा नाही. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

अंगण सुटलं की कुत्रा खचतो, हा आक्षेप अर्धाच खरा. कुत्रा घर ओळखतो ते नाकाने आणि रोजच्या वेळांनी. या दोन्ही गोष्टी सोबत नेता येतात. त्याचं गोणपाट किंवा जुनी चादर न धुता न्यावी, ताटली तीच ठेवावी, जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा बदलू नयेत. सुरुवातीला एकच खोली द्यावी. तो भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या फटीशी, पलंगाखाली हुंगत फिरेल. त्याला घाई करू नये. मात्र बाहेर नेताना गळ्यात पट्टा, पट्ट्यावर फोन नंबर आणि हातात साखळी हवीच, कारण सुटलेला कुत्रा जुन्या घराची वाट धरू पाहतो आणि वाटेत वाहता रस्ता आडवा येतो. जमल्यास मृगाआधीच हलावं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. धो-धो पावसात नवा परिसर हुंगून ओळखीचा करणं त्याला जड जातं.

दुसरा आक्षेप सोसायटीचा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तरीही शेजाऱ्यांची भीती खोटी नसते. रेबीजची लस वेळेवर देणं, जिन्यात साखळी आखूड धरणं, घाण स्वतः उचलणं हे मालकाचंच काम. म्हणूनच कुत्र्याचा विचार सामान बांधताना नव्हे, फ्लॅट बघायला जातानाच व्हायला हवा: फिरवायला जागा कुठे, जिना किती, दिवसा घरात कोण. ज्याने वर्षानुवर्षं घर राखलं, त्याचा विचार घर निवडताना करणं हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.