जेम्स बाँड : एक हेर, सहा नट



आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांतून एखादा नामांकित नट निघून गेला, म्हणजे त्याची भूमिका दुसऱ्याकडे येई. प्रेक्षक चार दिवस कुरकुरत आणि पुढें नव्या नटालाहि टाळ्या देऊं लागत. नाटकाला हें साधतें, कारण प्रत्येक प्रयोग पहिल्या अंकापासूनच सुरू होतो. परंतु ज्या कथेंतील नायक एका चित्रपटांतून दुसऱ्या चित्रपटांत चालत येतो, तेथें त्याचा चेहराच पालटला तर? जेम्स बाँड नामक इंग्रज हेराच्या मुख्य चित्रपटमालेंत १९६२ ते २०२१ या काळांत सहा नटांनीं पंचवीस चित्रपट केले. माणूस बदलत असतां हा नायक तोच कसा राहिला, आणि अखेरीस तो तोच कां राहूं शकला नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

या नायकाचा जनक इयन फ्लेमिंग. दुसऱ्या महायुद्धांत तो ब्रिटिश आरमाराच्या हेरखात्यांत होता. युद्धानंतर जमेका बेटावरील आपल्या घरीं बसून त्यानें बाँडच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली पहिली १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. नायकाचें नांव साधें, जवळ जवळ रुक्षच असावें, म्हणून त्यानें तें एका पक्षिशास्त्रज्ञाच्या ग्रंथावरून उचललें. १९६२ सालीं आल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन या निर्मात्यांनीं 'डॉक्टर नो' हा मालेंतला पहिला चित्रपट काढला आणि नायक म्हणून शॉन कॉनरीची निवड केली. एडिंबरोच्या कामकरी वस्तींत वाढलेला, एके काळीं घरोघर दूध पोंचविणारा हा गडी फ्लेमिंगच्या मनांतला उच्चकुलीन अधिकारी खासच नव्हता. लेखक प्रथम नाखूष होता. पण पुढें त्याचें मन इतकें पालटलें, कीं १९६४ च्या कादंबरींत बाँडचा बाप स्कॉटलंडचा असल्याचें त्यानें लिहून टाकलें! नटानें पात्राला वळण द्यावें, ही रीत अशी लेखकाच्या हयातींतच पडली.

पांच चित्रपटांनंतर कॉनरीनें भूमिका सोडली, तेव्हां १९६९ सालीं जॉर्ज लॅझेन्बी हा ऑस्ट्रेलियन तरुण पुढें आला. जाहिरातींच्या छायाचित्रांपलीकडे त्याचा अनुभव फारसा नव्हता. चित्रपटाच्या आरंभींच तो आपल्या पूर्वीच्या नटाला उद्देशून एक थट्टेचा शेरा मारतो. म्हणजे बदल लपविण्याऐवजीं निर्मात्यांनीं तो हंसण्यावारी नेला. त्याच चित्रपटाच्या शेवटीं मात्र लग्नाच्याच दिवशीं बाँडची पत्नी गोळीला बळी पडते. माझ्या मतें सबंध मालेंतला हा सर्वांत धीट प्रसंग होय. पण १९७१ सालीं कॉनरी एका चित्रपटापुरता परत आला, त्यांत या पत्नीचें नांवसुद्धां निघत नाहीं. ज्याला बायको मेल्याचें दुःख नाहीं, तो मनुष्य तोच, असें मानावें तरी कसें?

प्रेक्षकांनीं तसें मानलें, आणि याचें श्रेय नायकाच्या भोंवतालच्या माणसांना आहे. त्याचा वरिष्ठ 'एम' ही भूमिका बर्नार्ड ली यांनीं अकरा चित्रपटांत केली. कचेरींतील चिटणीस मनीपेनी लोइस मॅक्सवेल यांनीं चौदा चित्रपटांत वठविली. आणि तऱ्हेतऱ्हेचीं यंत्रें बनविणारे 'क्यू', म्हणजे डेस्मंड लुएलिन, हे सतरा चित्रपटांत दिसले. पांच नट त्यांच्या हाताखालून गेले. कुळांतला जुना कारभारी टिकला, कीं मालक बदलल्याचें रयतेला जाणवत नाहीं, तसाच हा प्रकार. शिवाय ती प्रसिद्ध धून! मॉन्टी नॉर्मन यांनीं तिची मूळ चाल व्ही. एस. नायपॉल यांच्या त्रिनिदादमधील हिंदी लोकांच्या कादंबरीवर योजलेल्या संगीतिकेसाठीं बांधली होती. हें अवांतर झालें, पण ऐकण्यासारखें आहे.

१९७३ पासून १९८५ पर्यंत रॉजर मूर यांनीं सात चित्रपट केले. ते कॉनरीहून तीन वर्षांनीं वडील. म्हणजे वारस पूर्वजापेक्षां मोठा! त्यांनीं राकटपणा सोडून मिस्किलपणा धरला. काळाची हवा पाहून १९७९ सालीं बाँड अंतराळांतहि जाऊन आला, आणि १९८३ सालीं उदेपूरच्या सरोवरावर. १९८१ च्या चित्रपटाच्या आरंभीं मात्र मूर एका थडग्यावर फुलें ठेवतांना दिसतात. शिळेवर मृत्यूचें साल १९६९. ज्याचें लग्न दुसऱ्याच नटानें लाविलें, त्याचें सुतक मूर यांनीं बारा वर्षांनीं पाळलें. पुढें १९८५ सालीं ते सत्तावन वर्षांचे होते, आणि पडद्यावर तें लपत नव्हतें.

टिमथी डाल्टन यांनीं फ्लेमिंगचीं पुस्तकें अभ्यासून १९८७ व १९८९ सालीं कठोर, थकलेला बाँड उभा केला. त्यांची कदर पुढें अधिक झाली. नंतर कज्जेदलालींत सहा वर्षें गेलीं, आणि तेवढ्यांत १९९१ सालीं सोव्हिएट संघच नाहींसा झाला. १९९५ सालीं आलेल्या पिअर्स ब्रॉस्नन यांच्या बाँडला त्याची नवी वरिष्ठ, जूडी डेंच, तोंडावर गतकाळाचा अवशेष ठरविते.

२००६ सालीं डॅनियल क्रेग यांच्याबरोबर निर्मात्यांनीं जुना नियमच मोडला. हा बाँड नुकताच नेमणूक झालेला आहे. त्याला पूर्वेतिहास नाहीं. डेंच मात्र त्याच खुर्चींत राहिल्या, हा हिशेब कोणीं जुळवूं नये. पांच चित्रपटांत या माणसाला प्रारंभ मिळाला, जखमा झाल्या, वय चढलें. एका चित्रपटांतील शोक दुसऱ्यांत चालत आला. ज्याला वय आहे त्याला मरणहि आहे. २०२१ च्या 'नो टाइम टु डाय' मध्यें बाँड मरतो.

आणि श्रेयनामावलीच्या शेवटीं नेहमींची पाटी झळकते : जेम्स बाँड पुन्हां येईल. पूर्वीं या वचनाचा अर्थ सरळ होता. आतां जो येईल तो थडग्यावर फुलें वाहणारा वारस असूं शकत नाहीं. २०२५ सालीं ब्रॉकोली घराण्यानें कलाविषयक निर्णयांचे अधिकार ॲमेझॉन कंपनीकडे सोंपविले. तेव्हां सातवा नट ज्या कचेरींत पाऊल टाकील, तेथें जुना कारभारीहि असणार नाहीं.